विश्लेषण : दुसऱ्या महायुद्धाचे पारडे नेमके कुठे फिरले? निर्णायक लढायांमागची रसदीची गोष्ट

स्टालिनग्राड, मिडवे, एल अलामीन, नॉर्मंडी, कोहिमा... दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया म्हटले की हीच नावे समोर येतात. त्यांच्यासोबत सेनापती, रणगाडे आणि शौर्याच्या कथाही येतात. मात्र या लढायांच्या मुळाशी गेल्यास प्रत्येक ठिकाणी एक साधा प्रश्न सापडतो. कोणाकडे इंधन, धान्य आणि दारूगोळा वेळेवर पोहोचत होता आणि कोणाकडे नाही? सहा वर्षे चाललेल्या या युद्धाची दिशा कुठे आणि का बदलली, त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

‘निर्णायक वळण’ कशाला म्हणायचे?

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली. या काळात हजारो लढाया झाल्या. त्यातील बहुतेकांनी नकाशावरची रेघ थोडी पुढेमागे सरकवली, इतकेच. ज्या लढाईनंतर हरलेल्या बाजूला झालेले नुकसान पुन्हा भरून काढता आले नाही, ती खरी निर्णायक.

या कसोटीवर पाहिले तर युद्ध एका दिवसात किंवा एका शहरात फिरले नाही. १९४१च्या डिसेंबरपासून १९४३च्या मेपर्यंतच्या दीड वर्षात जर्मनी आणि जपान यांचे पारडे हळूहळू हलके होत गेले. पानिपतावर मराठ्यांची रसद तुटल्यावर काय झाले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ५० लाखांचे सैन्य असो वा ५० हजारांचे, नियम बदलत नाही. विसाव्या शतकात घोड्यांच्या चाऱ्याच्या जोडीला पेट्रोल आले, एवढाच फरक.

मॉस्कोच्या वेशीवर काय बिघडले?

२२ जून १९४१ रोजी जर्मनी आणि तिच्या साथीदारांचे ३० लाखांहून अधिक सैनिक सोव्हिएत संघात घुसले. ‘विजेच्या वेगाने युद्ध’ ही जर्मन लष्कराची ओळख होती. प्रत्यक्षात या सैन्यासोबत सहा लाखांहून अधिक घोडे होते. रणगाड्यांच्या तुकड्या पुढे धावत होत्या आणि तोफा, धान्य, दारूगोळा घोडागाड्यांतून मागून येत होता.

दुसरी अडचण रुळांची. सोव्हिएत रेल्वेचे रूळ जर्मन रुळांपेक्षा जवळपास नऊ सेंटीमीटर रुंद. जर्मन इंजिने त्यावर धावू शकत नव्हती. त्यामुळे सैन्य पुढे सरकेल तसे मागे रूळ बदलत जावे लागले. ऑक्टोबरमध्ये पावसाने रस्त्यांचा चिखल केला, पाठोपाठ गोठवणारी थंडी आली. उपलब्ध गाड्यांतून दारूगोळा आणि इंधन आणायचे की गरम कपडे, हा प्रश्न उभा राहिला आणि कपडे मागे पडले.

मॉस्को ३० किलोमीटरच्याही आत आले असताना जर्मन सैन्य थांबले. ५ डिसेंबर १९४१ रोजी सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला. त्याआधीच्या काही महिन्यांत सोव्हिएत संघाने १,५०० हून अधिक कारखाने सुटे करून, रेल्वेने पूर्वेकडे, मुख्यतः उरल पर्वताच्या बाजूला हलवले होते. काही आठवड्यांत युद्ध संपवण्याचा जर्मन हिशेब इथे चुकला. लांबलेले युद्ध जर्मनीला परवडणारे नव्हते.

जपानने अमेरिकेवर हल्ला का केला? मिडवेमध्ये काय घडले?

जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होते. जपानी सैन्य फ्रेंच इंडोचायनाच्या दक्षिण भागात शिरल्यावर, १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने हा पुरवठा तोडला. साठा संपण्याआधी डच ईस्ट इंडीजमधील, म्हणजे आजच्या इंडोनेशियातील तेलविहिरी ताब्यात घ्यायच्या, तर वाटेत येणारे अमेरिकी आरमार आधी निकामी करावे लागणार होते. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यामागे हे गणित होते. चार दिवसांनी हिटलरनेही अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले.

सहा महिन्यांनी, ४ ते ७ जून १९४२ दरम्यान मिडवे बेटाजवळ दोन्ही आरमारे भिडली. अमेरिकी हेरयंत्रणेने जपानी सांकेतिक संदेशांचा पुरेसा भाग उलगडला होता. त्यामुळे हल्ला कुठे होणार, हे अ‍ॅडमिरल निमित्झ यांना आधीच कळले. अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. अमेरिकेने यॉर्कटाउन गमावली. ही यॉर्कटाउन आधीच्या कोरल समुद्रातील लढाईत जबर जखमी झाली होती. पर्ल हार्बरच्या गोदीतील कामगारांनी रात्रंदिवस खपून तिला तीन दिवसांत लढाईला उभे केले होते.

मिडवेचा निकाल काही मिनिटांच्या बॉम्बफेकीत लागला आणि त्यात नशिबाचाही वाटा होता. तो कायमचा ठरला तो गोदीत. पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेने डझनाहून अधिक मोठ्या विमानवाहू नौका समुद्रात उतरवल्या. जपानला त्या चार नौकांची आणि त्यांच्यासोबत गेलेल्या कसबी तंत्रज्ञांची जागा भरता आली नाही.

आफ्रिकेतील वाळवंटात निकाल कसा लागला?

एल अलामीनची लढाई २३ ऑक्टोबर १९४२ रोजी सुरू झाली. रोमेलचे सैन्य तेव्हा अलेक्झांड्रियापासून जेमतेम १०० किलोमीटरवर होते. त्याचे मुख्य बंदर त्रिपोली मात्र २,००० किलोमीटरपेक्षा मागे. बंदरातून निघालेला ट्रक आघाडीवर पोहोचेपर्यंत आणलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा स्वतःच पिऊन टाकत असे. इटलीहून निघणारी तेलवाहू जहाजे कधी, कुठून येणार, हे ब्रिटिशांना संदेश फोडून कळत होते. लढाई ऐन भरात असताना ‘प्रोझर्पिना’ आणि ‘लुइझियानो’ ही दोन जहाजे बुडवली गेली. मॉन्टगोमेरीकडे रणगाडे दुपटीहून अधिक होतेच, त्यात रोमेलच्या रणगाड्यांना हालचाल करायलाही इंधन उरले नाही.

या विजयाची तयारी दीड वर्ष आधी एरिट्रियात झाली होती आणि तिथे मराठी जवान होते. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये केरेनच्या डोंगरात चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजनने इटालियन सैन्याशी झुंज दिली. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. केरेन पडले, मग मसावा बंदर पडले आणि तांबडा समुद्र मोकळा झाला. त्यानंतर एप्रिल १९४१ मध्ये अमेरिकेने हा भाग युद्धक्षेत्रातून वगळला आणि अमेरिकी मालवाहू जहाजांना थेट सुएझपर्यंत जाता येऊ लागले. एल अलामीनचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या विजयासाठी लागणारी वाट खुली करणारे केरेन मात्र फारसे कोणाच्या लक्षात नाही.

स्टालिनग्राडला सर्वांत मोठे वळण का मानतात?

१९४२च्या उन्हाळ्यात हिटलरचे लक्ष्य होते कॉकेशसमधील तेल. मायकोप जर्मनांच्या हाती लागले. पण माघार घेणाऱ्या सोव्हिएत सैन्याने तिथल्या विहिरी आधीच निकामी केल्या होत्या. ग्रोझनी आणि बाकूपर्यंत जर्मन सैन्य पोहोचलेच नाही. व्होल्गा नदीवरील वाहतूक तोडण्यासाठी स्टालिनग्राडकडे वळवलेले सैन्य मात्र शहराच्या गल्लीबोळात अडकत गेले.

१९ नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्याने शहरावर थेट चाल न करता दोन्ही बाजूंच्या कमकुवत रोमेनियन तुकड्यांवर हल्ला केला. चार दिवसांत अडीच लाखांहून अधिक सैनिक वेढ्यात सापडले. त्यांना विमानाने रसद पोहोचवू, असा शब्द गोअरिंगने हिटलरला दिला. वेढ्यातील सैन्याला जगण्यासाठी दिवसाला किमान ३०० टन सामान हवे होते. प्रत्यक्षात सरासरी १०० टनांच्या आसपासच पोहोचले. सैनिकांनी आधी घोडे खाल्ले, मग तेही संपले.

२ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या तुकड्यांनी शस्त्रे ठेवली. सुमारे ९१ हजार जण कैद झाले. त्यातील पाच-सहा हजारच पुढे मायदेशी परतले. सोव्हिएत बाजूची हानी याहून कितीतरी मोठी होती. या युद्धात त्या देशाचे सुमारे दोन कोटी ७० लाख नागरिक आणि सैनिक मारले गेले. ‘युद्ध रसदीवर जिंकले’ हे वाक्य लिहिताना हा आकडा शेजारी ठेवावा लागतो.

समुद्रातील लढाईचा गोव्याशी काय संबंध?

अटलांटिकमधील लढाईला एक गाव नाही, एक तारीख नाही. ती युद्धाच्या पहिल्या दिवसांपासून अखेरपर्यंत चालली. ब्रिटनचे धान्य, तेल आणि पुढे नॉर्मंडीत उतरलेले सैन्य याच वाटेने आले. मार्च १९४३ पर्यंत जर्मन पाणबुड्या दोस्त राष्ट्रांची जहाजे धडाधड बुडवत होत्या. मेमध्ये चित्र पालटले. लांब पल्ल्याची विमाने, नवे रडार, काफिल्यांचे वाढलेले संरक्षण आणि फोडलेले संदेश यांच्या एकत्रित परिणामामुळे एकाच महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या. अ‍ॅडमिरल डोनित्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या.

दुसरीकडे अमेरिकेच्या गोद्यांत जहाजे सुट्या भागांतून जोडली जात होती. ‘लिबर्टी’ प्रकारची २,७१० जहाजे बांधली गेली. त्यातील एक तर चार दिवस १५ तासांत तयार झाले. अर्थात तो विक्रम होता, रोजचा वेग नव्हे. तरीही पाणबुड्या बुडवतील त्यापेक्षा जास्त जहाजे उतरू लागली, तेव्हा या लढाईचा निकाल लागला.

याच लढाईचा एक धागा मुरगाव बंदरात पोहोचतो. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालची सत्ता होती आणि पोर्तुगाल तटस्थ होता. त्यामुळे युद्ध सुरू होताच काही जर्मन जहाजांनी मुरगावात आसरा घेतला. त्यातील ‘एहरनफेल्स’वरून हिंदी महासागरातील पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या ‘लाइट हॉर्स’ आणि ‘स्कॉटिश’ या स्वयंसेवक पलटणींतील, बरेचसे वयस्कर ब्रिटिश नोकरदार आणि व्यापारी एका बार्जमधून या जहाजावर चढले. झटापटीत खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. तटस्थ प्रदेशात केलेली ही कारवाई १९७८ पर्यंत गुपित राहिली.

इंफाळ-कोहिमात जपानी सैन्य का हरले?

मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून भारताच्या दिशेने निघाल्या. सोबत जेमतेम तीन आठवड्यांचे धान्य आणि खाण्यासाठी हाकलत आणलेली गुरे होती. पुढची भूक ब्रिटिशांची कोठारे लुटून भागवायची, असा बेत होता. नद्या आणि डोंगर पार करताना बरीच गुरे वाटेतच मेली. मार्चअखेरीस संगशाक येथे पॅराशूट ब्रिगेड आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीने जपान्यांना काही दिवस रोखून धरले. या दिवसांत कोहिमाला कुमक पाठवायला वेळ मिळाला. दिमापूरचे प्रचंड कोठार जपान्यांच्या हाती कधीच लागले नाही.

वेढ्यातील इंफाळला मात्र विमानांनी धान्य, दारूगोळा पुरवला आणि अराकान आघाडीवरची पाचवी भारतीय डिव्हिजनही तिथे विमानानेच आणली गेली. स्टालिनग्राडमध्ये जे जर्मनांना जमले नाही, ते दीड वर्षाने इथे जमले. मेच्या अखेरीस कोहिमासमोरच्या जपानी डिव्हिजनचे सेनापती सातो यांनी उपाशी सैनिकांसह वरिष्ठांचा हुकूम मोडून माघार घेतली. २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्ता मोकळा झाला. मारले गेलेल्या सुमारे ३० हजार जपानी सैनिकांपैकी मोठा भाग उपासमार आणि रोगराईचा बळी होता.

या लढाईत दोन्ही बाजूंनी भारतीय होते. जपान्यांसोबत आलेल्या आझाद हिंद सेनेने १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांग येथे तिरंगा फडकवला. माघारीत त्या सैनिकांच्या वाट्यालाही तीच भूक आणि तोच मलेरिया आला. २०१३ मध्ये लंडनच्या ‘नॅशनल आर्मी म्युझियम’मधील मतदानात इंफाळ-कोहिमा ही ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई ठरली. ती लढणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय होते, ही बाब तेव्हाच्या मथळ्यांत क्वचितच दिसली.

नॉर्मंडीनंतर युद्ध लगेच का संपले नाही?

६ जून १९४४ रोजी सुमारे दीड लाख सैनिक नॉर्मंडीत उतरले. जवळ चालू बंदर नसल्याने तरंगती बंदरेच समुद्रातून ओढून आणली गेली. त्याच महिन्यात पूर्वेकडे सोव्हिएत सैन्याने ‘बाग्रातिओन’ मोहिमेत जर्मनीची मधली फळी उद्ध्वस्त केली. या सैन्याच्या वेगामागे अमेरिकेने ‘लेंड-लीज’ योजनेतून पाठवलेले सुमारे चार लाख ट्रक आणि जीप होत्या.

पश्चिमेकडे मात्र जिंकणारेच अडले. ऑगस्टअखेर पॅटनच्या रणगाड्यांचे इंधन संपले. नॉर्मंडीपासून आघाडीपर्यंत रात्रंदिवस ट्रकांची रांग चालवूनही पुरवठा कमी पडला. पाठलाग मंदावला आणि युद्ध १९४५ वर गेले. डिसेंबरमध्ये आर्देनच्या जंगलात हिटलरने अखेरचा मोठा हल्ला केला, तोही दोस्तांचे पेट्रोल लुटू या आशेवर. जर्मनीचे कृत्रिम इंधनाचे कारखाने तोवर बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळे झाले होते.

मग शौर्य आणि नेतृत्वाला काहीच अर्थ नाही?

तसे नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरमध्ये ब्रिटिश बाजूचे सैन्य जपान्यांच्या दुपटीहून मोठे होते आणि जपान्यांचा दारूगोळा संपत आला होता. तरीही शरण गेले ते ब्रिटिश. कोठार भरलेले असून उपयोग नसतो, लढण्याची तयारी आणि निर्णयक्षमताही लागते. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेलेले आणि तिथेच धारातीर्थी पडलेले रायगडचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे शौर्य कोणत्याही पुरवठ्याच्या तक्त्यात बसत नाही. पण शौर्याने मिळालेला विजय टिकवायचा, तर मागून गाडी यावी लागते.

या रसदीची किंमत कोणी मोजली?

हा प्रश्न युद्धाच्या नेहमीच्या यादीत नसतो. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि बंगालला येणारा ब्रह्मदेशी तांदूळ थांबला. जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून सरकारने किनारी बंगालमधील हजारो नावा जप्त किंवा नष्ट केल्या आणि तांदळाचे साठे हलवले. नावांवर पोट असणारे मच्छीमार आणि शेतमजूर उघड्यावर आले. त्यात ऑक्टोबरमध्ये वादळ आले. लष्करी खर्चामुळे भाव भडकले. लंडनकडे जहाजे मागूनही पुरेसे धान्य आले नाही. १९४३च्या दुष्काळात किती माणसे मेली, याचे अंदाज १५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात. धान्य अजिबात नव्हते असे नाही, गरिबांची ते विकत घेण्याची ताकद संपली होती, हे अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले. संपूर्ण युद्धात भारतीय सैन्यातील सुमारे ८७ हजार जण मृत्युमुखी पडले. एकट्या बंगालमधील भुकेचे बळी त्याच्या कितीतरी पट होते.

मुंबईनेही किंमत मोजली. १४ एप्रिल १९४४ रोजी, कोहिमाला वेढा पडलेला असताना, व्हिक्टोरिया गोदीत उभ्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्याही भरल्या होत्या. युद्धाच्या घाईत एरवी कोणी केली नसती अशी ही मालभरणी झाली. दोन स्फोटांत शेकडो माणसे गेली, हजारो बेघर झाली. त्यात आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो.

आज हे का समजून घ्यायचे?

आजही युद्धाची बातमी क्षेपणास्त्राचा पल्ला आणि ड्रोनच्या चित्रफितींनी सुरू होते. युक्रेन युद्धात मात्र तोफगोळ्यांचा तुटवडा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांवरील हल्ले यांनी जुनाच धडा पुन्हा समोर आणला. कोण पुढे सरकतो आहे, याइतकेच कोणाचे कारखाने, जहाजे आणि रेल्वे चालू आहेत, हे पाहावे लागते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा हिशेबाचा आहे. निर्णायक लढायांची यादी सेनापतींच्या नावाने लिहिली की त्यातून पर्ल हार्बरच्या गोदीतला कामगार, केरेनचा शिपाई, बंगालचा नावाडी आणि व्हिक्टोरिया गोदीतला हमाल आपोआप गळतो. महायुद्धाचे पारडे फिरवणाऱ्या रसदीत यांचे श्रम होते आणि अनेकांचे प्राणही. रसदीच्या अंगाने हा इतिहास वाचला, तर निदान त्यांची नोंद होते.